चुकीच्या पत्त्यावरचे सल्ले

मे महिन्यात सक्करदऱ्याला
रात्री अकरानंतरच माणूस माणसात येतो.
तेव्हा आम्ही शालिकच्या गच्चीवर बसतो.
चौघं, एक सुरई,
आणि खाली खोलीत त्याचा तो कूलर,
जो रात्री तीनला आपोआप सुरू होतो.

शालिक ढोमणे. विजेच्या खात्यात तीस वर्षं खांबावर चढला,
म्हणून भुतांचं सगळं त्यालाच विचारायचं.
"भूत दिसलं तर नाव नाही पुसायचं," तो म्हणतो.
"नाव पुसलं का थे खानदान सांगत बसते.
फक्त म्हणायचं, पाणी पाहिजे काय?
पेलं, तं आपल्यातलंच.
नाही पेलं, तं आपलं पाणी वाचलं."

मी माझी गोष्ट काढतो.
तीन महिन्यांपासून अडली आहे:
पहिल्या पानावर मेलेला म्हातारा
दुसऱ्या पानावर येऊन बाजेवर बसतो.
खोडला की पुन्हा येतो, चपला काढून, रीतसर.

फरजाना ब्लाउज शिवते. गोष्टीबिष्टीतलं आपल्याला कळत नाही,
हे ती आधी सांगते, आणि मग सांगतेच:
"तू पहिल्यांदाच पक्की मशीन मारतो.
कच्चा टाका घाल ना. कमरेत दोन बोटं सोड.
तुझ्या गोष्टीतले लोक कधी खाली बसत असतील का नाही?"

विमलताई रामटेके मेडिकलला वॉर्डात असतात.
त्यांच्याकडे सगळ्यावर एकच औषध:
"कुठं दुखते थे दाखव.
हातानं नाही. एका बोटानं."

एवढे तीन सल्ले, वर्षानुवर्षं तेच.
पण एकही ज्याला दिला त्याच्या कामी आला नाही.

फरजानाचा पोरगा पुण्यात. फोनवर हो, हं, ठेवतो.
तिनं परवा भुताचा उपाय केला.
का नाही केलास फोन, हे विचारलंच नाही.
"पाणी येते का रे तुझ्याकडे?" एवढंच.
चाळीस मिनिटं बोलला तो.
टँकरवर, खोलीतल्या दुसऱ्या पोरावर,
आणि मग, जाता जाता, फेब्रुवारीत सुटलेल्या नोकरीवर.

मी विमलताईंचं ऐकून कागदावर बोट ठेवलं.
म्हाताऱ्यावर नव्हतंच दुखत.
दुखत होतं एका साध्या ओळीवर:
'मुलगा वेळेवर पोचला.'
कुठं पोचलो होतो मी वेळेवर.
ती खोडली. म्हातारा अजून बाजेवरच आहे,
पण आता निदान पाय वर घेऊन बसलाय.

विमलताईंनी मात्र नणंदेशी भांडण मिटवलं म्हणे, कच्च्या टाक्यानं.
"उसवलं तं उसवलं," त्या म्हणाल्या, आणि सुपारी कातरू लागल्या.

मग शालिकची पाळी. शालिकला कोण सल्ला देणार?
"कूलरची मोटर बदल," मी म्हटलं.
"बटण ढिलं आहे," फरजाना म्हणाली.
"बोट ठेव," विमलताई.
आम्ही सगळे खाली गेलो.
त्यानं बोट मोटरवर ठेवलं नाही, बटणावरही नाही.
कूलरच्या थेट झोतात,
जिथं आता कोणी गादी घालत नाही,
त्या फरशीवर ठेवलं.

वर आल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.
नंतर कोणीतरी म्हणालं, पोळ्यानंतर मारबत निघेल,
तिच्याबरोबर धाडून देऊ सगळं, इडापीडा, कूलरबिलर.
"बंदंच घेऊन गेली," फरजाना म्हणाली,
"तं मंग इथं बसून बोलायचं काय?"

तीन वाजले.
खाली कूलर घरघरला.
आम्ही शालिककडे पाहिलं, तो आभाळाकडे.
मग कठड्यावरून वाकून
त्यानं खोलीच्या दिशेनं विचारलं,
खांबावरून खालच्या माणसाला हाक मारावी तसं:
"पाणी पाहिजे काय?"

टाकी कोरडी होती.
बादली घेऊन तोच उतरला.