अर्थिंग

मिनीन कुतिन्योची झेन आली तेव्हा
डिचोलीच्या बसस्टँडामागे चार वाजले होते
आणि मी नुकताच चहा सांगितला होता.
काचा वर, एसी चालू, तरी आत तो घामाघूम.
म्हणाला, मेस्त, हिच्यात कोणीतरी रडतं.

नवा अँप बसवलाय म्हापशात, सीटखाली, स्वस्तात.
इंजिन बंद तर गप्प.
चावी फिरवली की बारीक सूर,
अ‍ॅक्सिलेटर दाबला की वर, सोडला की खाली,
मच्छरदाणीबाहेरच्या डासासारखा.
मये-नार्वे रस्त्याला चढ लागला
की बायको म्हणायची, बंद कर ते.
आता ती बसने जाते.

मी बॉनेटवर हात ठेवून ऐकलं.
खरं सांगतो, मला काहीच कळलं नाही.

वीस वर्षं खाणीवर काढली. टिपर, डंपर, क्रशर.
लाल धूळ धुतली गेली,
डाव्या कानात एक तार राहिली,
जेवताना वाजते, मयताला गेलो तरी वाजते.
खाण बंद झाली, ती झाली नाही.
पणजीच्या डॉक्टरने यंत्र लावून
कागदावर एक उतार काढून दिला.
घडी घालून ठेवलाय, लाइटबिलांबरोबर.

म्हणून भाच्याला हाक मारली, साईशला.
सोळा वर्षांचा, मिशी अजून विचारात.
मी हात, तो कान.

चार्जर काढ.
आहे, मामा.
अँटेना काढ.
आहे.
फोनची वायर.
तेवढाच.
अँपच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना उपट.
गेला!
खोच परत.
आला.

म्हणजे अँप बिचारा निर्दोष.
त्याच्या कानात जे सांगतात
ते तो गावभर करतो, एवढंच.

सीट उचलली. खाली वाळू, दोन काजूबिया,
जपमाळेचा तुटका तुकडा.
तो मिनीनने खिशात टाकला, काही बोलला नाही.
काळी वायर सीटच्या बोल्टला
आणि बोल्टखाली कंपनीचा जाड रंग.
म्हापशेकराने रंगाला अर्थ दिला होता.
रंगातून कसला अर्थ मिळणार?
रेडिओ एका जमिनीवर उभा, अँप दुसऱ्या,
दोघांत फरक केसाएवढा,
आणि त्या केसावरून
अल्टरनेटर गात येतो आत.

पॉलिश पेपर घेतला. घासलं.
रंग गेला, खालचा रंग गेला,
घासत राहिलो, आणि एकदम
पत्रा उघडा पडला,
बांगड्याच्या पोटासारखा पांढरा.
नवी थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट जाम,
वरून ग्रीसचं बोट,
कारण गोव्यात गंजाला सुट्टी नसते.
सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरीला
बिलगून गेली होती मागपर्यंत,
तीही सोयरीक मोडली,
एक या दारातून, एक त्या दारातून.

मार चावी.
साईशने डोळे मिटले.
मिनीनने टोपी काढली, कपेलात काढतात तशी.
रेस कर. आणखी कर.
गेला, मामा.
साफ?
साफ.
मी परत विचारलं, नीट ऐकलंस?
कारण मला तो अजून येत होता.
मग लक्षात आलं,
पाय दाबून चढत नाही
तो माझा.

मिनीनने गाणं लावलंच नाही.
नुसता आवाज पूर्ण वर केला
आणि आम्ही तिघे दारं लावून
काही न वाजणं ऐकत बसलो.
काय ऐकू येतं रे, मी विचारलं.
साईश म्हणाला, बाहेर कंडक्टर ओरडतोय,
म्हापशे, म्हापशे, म्हापशे.

तीनशे सांगितले, त्याने अडीचशे दिले
आणि डिकीतून सात गरम पाव.
जाताना हॉर्न मारला, तो मला आला ऐकू.
चहावर साय धरली होती.
ती बोटाने बाजूला केली.
पॉलिश पेपरचा तुकडा अजून
डाव्या हातात होता.