मागम्मा, अंक सातवा

सहाच अंक निघाले.
कन्ना चौकामागच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात,
उरलेल्या शाईत. म्हणून आकाश कुंकवाचं
आणि रक्त हळदीचं.
किंमत आठ आणे. वाचून परत दिला तर तीन.

चित्रं म्याकल मास्तरांची.
दिवसा ते चादरींचे मोर काढायचे
चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरत.
रात्री त्याच कागदावर ती.
त्यामुळे तिच्या वेणीला पायऱ्या होत्या,
खांद्याला कोपरे,
आणि धावताना ती जिना उतरल्यासारखी दिसायची.

मागम्मा.
मागावर जन्मली म्हणून,
की कायम मागं असते म्हणून,
यावर आमच्या वर्गात दोन पक्ष होते.
सहा अंकांत एकदाही तिचा चेहरा नाही.
पाठमोरी उभी, मुठीत धोटा,
समोर छाटासुर.
हजारातल्या दीडशे बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला सारणारा,
आणि त्याच दीडशे
रात्री मागच्या दारानं विकणारा.

उडायची नाही ती.
तीन पाळ्यांचे तीन भोंगे झाले
की चौथा व्हायचा, फक्त बायकांना ऐकू येणारा,
आणि ती कापडाच्या उलट्या बाजूनं निघायची:
पडद्यातून, उशीच्या अभ्र्यातून,
एकदा तर फौजदाराच्या हातरुमालातून.
एक दोरा ओढायची. बस्स.
छाटासुराचं धोतर, मग वही, मग वहीतली सही
उसवत जायची पार हैदराबाद रोडपर्यंत.

मी वाचायचे, अम्मा ऐकायची.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं.
अम्माला अक्षर येत नव्हतं,
आणि चित्र बघायला डोळा मोकळा नव्हता.
पान उलटायला मला उशीर झाला
की दातात दोरा धरूनच विचारायची,
“तर्वाता?”

एकदा म्हणाली,
ही रात्रभर हिंडते,
मग हिचे हजार कोण वळतं?
मला काही सुचलं नाही.
मास्तर चहाला आले होते अशोक चौकात, त्यांना विचारलं.
ते हसले नाहीत. बशी खाली ठेवली,
खिशातल्या पेन्सिलीनं तळहातावर काहीतरी लिहिलं.

सहाव्या अंकाच्या शेवटी चौकट होती:
पुढील अंकी मागम्मा वळून बघेल.

मग भोंगा बंद झाला.
मास्तर भिवंडीला गेले म्हणे.
छापखानेवाल्याला मी चार दिवाळ्या विचारत राहिले,
नंतर त्याच्याकडेच माझी पत्रिका छापली.

परवा चादरी धुवायला काढल्या.
लग्नातली ती मरून, मोरांची,
तारेवर टाकताना उलटी पडली.
वीस वर्षं सुलट बाजूला मी मोर पाहिले.
उलट बाजूला मोर विझले होते,
आणि त्यांच्यामधली मोकळी जागा पेटली होती.

तिथं ती.
पायऱ्यांची वेणी पुढं घेतलेली,
मांडी घालून बसलेली,
मांडीवर सूप.
कोपऱ्यात, जिथं कारखान्याचं नाव विणतात तिथं,
नुसता सातचा आकडा.
चेहरा मोजला मी: अकरा घरं आडवी, चौदा उभी.
एवढ्यात नाक बसत नाही. डोळे तर नाहीच.
तरी बघत होती.

अम्माला आता दिसत नाही फारसं.
ओली चादरच नेऊन तिच्या पुढ्यात धरली.
तिची बोटं अजून, रिकामी असली तरी, वळत असतात.
ती थांबली.
वेणीवरनं उतरली, सुपाशी रेंगाळली,
परत वर गेली, गालापाशी.
“छाट हाय,” म्हणाली. “इथं दोरा सुटलाय बघ.”
मी म्हटलं, अम्मा, ओढू नको.
तिनं चिमटीत धरला होता.
चादरीतून पाणी ठिबकत होतं फरशीवर.
“तर्वाता?”