बांद्रेक

तुर्भ्याच्या मार्केटात पहाटे चारला
सातारी आल्याची पोती उतरतात, तेव्हा
हमाल आधी शिंकतो, मग शिवी देतो.
मी अजून पावशेर जास्तीचं घेतो.
सवय.

जहाजांना शिधा पुरवणाऱ्या कंपनीत मी पावत्या फाडतो.
कांदे, बटाटे, अंडी तीस ट्रे,
मोऱ्याहून लाँच, पुढे हलती शिडी.
त्या जहाजाच्या यादीत आलं होतं अकरा किलो.
वाटलं, एकाचा आकडा चुकून दोनदा पडलाय.

वर गेलो तर खानसामा हसला.
नाव दादांग, गाव गारुत. डोंगरातलं.
दंडावर शहारा काढून दाखवला: एवढी थंडी.
उघड्या जाळावर आलं भाजलं, वांग्यासारखं,
करपलेल्या सालीसकट पोलादी पान्याने ठेचलं.
दालचिनी, लवंग, चार मिरे,
गवती चहाच्या पातीची गाठ.
त्याचा गूळ संपलेला, म्हणून आमचा कोल्हापुरी.
चाखून त्याने तोंड वाकडं केलं,
तरी मला दिलं.
निखारा एकेक पायरी बघत
पोटात उतरला.

काय हे?
"बांद्रेक."

आता मी मूळचा वेंगुर्ल्याचा.
माझ्या कानाला ते वांद्र्याला जाणं वाटलं.
म्हटलं, एवढ्या लांब कशाला, बेलापूर जवळ आहे.
त्याला काय कळणार.
हसला, आणि पुन्हा ओतलं.

मग जहाज अडकलं.
मालक कुठल्या देशात, कुणाला ठाऊक नाही.
सुकाणूघराच्या काचेला कोर्टाचा कागद,
त्यांचा पगार थकलेला, आमचं बिलही.
टिपणीससाहेब म्हणाले, उद्यापासून लाँच बंद,
ते काय आपले पाहुणे आहेत?
मी मान डोलावली.
मान डोलावण्याचाच तर पगार घेतो.

रविवारी करंज्याच्या पोशा नाखव्याकडे पिशवी दिली.
आलं, गूळ, आणि गवती चहा,
जो करावे गावात आमच्या खोलीमागे
गटाराच्या कडेला माजतो.
बायकोला सांगितलं, ऑफिसचं आहे.
पिशवी संध्याकाळी परत यायची:
धुतलेली, वाळवलेली, चौकोनी घडी घातलेली.
आत चिठ्ठी नाही, काही नाही.
सहा रविवार, सहा घड्या.

सातव्या रविवारी पिशवी भरलेलीच परत आली.
"गेली सगली इमानान," पोशा म्हणाला,
"राती नेली. आता भंगारवाले येतील."
घडी घालायला कुणी उरलं नव्हतं,
म्हणून पहिल्यांदाच तिच्यावर सुरकुत्या होत्या.

ते आलं टाकवेना.
रात्री गॅसवर धरलं.
बायको म्हणाली, करपलं.
म्हटलं, करपायलाच हवं.
तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे,
आणि खिडकी उघडली.

पलंगावरून आई,
आठ दिवसांच्या खोकल्यातून:
"काय रे ता?"
"बांद्रेक."
"बांद्र्याक? ह्या वेळार? आणि परत कधी येतलस?"

पेला तिच्या हातात दिला.
दोन्ही तळव्यांत धरून फुंकरत राहिली,
एक घोट, मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, झोपली.

"बरा आसा," म्हणाली.
"पण गूळ चुकलो तुझो.
हेका माडाचो व्हयो."