नववी ब, भिलवडी

मराठीत सोपं असतं.
जो निघाला की तो असतोच
वाक्याच्या दुसऱ्या टोकाला उभा,
एसटीच्या थांब्यावर
न्यायला आलेल्या माणसासारखा.

इंग्रजीत तसं नाही, मी सांगते.
नाव आधी. मग त्याच्या शेपटाला धरून
बाकीचं सगळं.
तिथं घ्यायला कुणी येत नाही.
माणूस असेल तर हू.
जनावर, झाड, सायकल, नदी: विच.
पोरं नियमाला चौकट आखतात.
फळ्याच्या वर पुराची रेघ आहे,
दोनदा ऑइलपेंट मारला तरी दिसते.

रात्री वह्या तपासताना
सन्मती चौगुलेचं वाक्य आलं:
द बफेलो हू वेन्ट इन द फ्लड वॉज चांदी.

लाल पेनानं हू खोडलं.
वर विच लिहिलं, वळणदार.

खालची ओळ मराठीत होती,
बहुतेक तिचं इंग्रजी संपलं असावं:
जी दावं तोडून
परत आमच्या घराकडंच पोहत आली
ती

एवढंच. पूर्णविरामसुद्धा नाही.
ती थांब्यावर उभी,
आणि गाडीतून कुणी उतरलंच नाही.

विच खोडायला गेले,
तर कागद फाटायला लागला.
शेवटी समासात एक बरोबरची खूण केली,
नेमकी कशासमोर
ते कळणार नाही अशी.

सन्मती उद्या विचारेल, बाई, मग काय लिहू?
चौकट तर मीच आखायला लावलीय.