एकास दहा

एक दिवसाआड नळ येतो.
फोडाफोड कोरड्या दिवशी, एवढं आधी ठरलं.

एकतीस वर्षं पीडब्ल्यूडीत पुलांचे नकाशे काढलेला माणूस
स्वतःच्या न्हाणीघराचा नकाशा दुसऱ्याला काढू देईना.
टी-स्क्वेअर माळ्यावरून काढायला लावला,
पेन्सिलीला ब्लेडनं टोक (ते मीच केलं),
आणि कोपऱ्यात लिहिलं: प्रमाण एकास दहा.

रेघ मात्र निघाली
वाऱ्यात ढिली बांधलेल्या दोरीसारखी.
खोडली. पुन्हा काढली. पुन्हा तीच.
कागद त्या जागी इतका झिजला
की खालच्या टेबलाचा रंग दिसायला लागला.

अनीस मिस्त्रीनं तो कागद खिडकीशी नेला.
"पानसे साहब, ये दीवार लहराती हुई रखनी है?"
मी श्वास धरून.
"दीवार सीधी रखो," हे म्हणाले, "लहराता मैं हूँ."
तो हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून
रेघेशेजारी आकडे लिहू लागला.

उंबरा जाणार. चार इंच.
नर्मदा कुठल्या कुठून घाट चढून
सुदामानगरात आमच्या नळाला येते,
आणि ह्यांना हे चार इंच.

दार बाहेर उघडणारं.
"आत पडलो तर मीच दाराला अडेन,"
पुलावरचा भार सांगावा तसं सांगितलं.

कडीवरून दोन दिवस अबोला.
मी म्हटलं, नकोच कडी.
ते म्हणाले, मग दारही कशाला, पडदा लाव, शेजाऱ्यांना बोलाव.
शेवटी सियागंजात एक मिळाली,
बाहेरून रुपयाच्या नाण्यानं फिरणारी.
ते नाणं देव्हाऱ्यात ठेवलंय. भाजीवाल्याला द्यायचं नाही.

भिंतीतली बैठक त्यांना मान्यच नव्हती.
"लहानपणी पाटावर बसूनच न्हायलात ना?"
"तेव्हा उठता यायचं."
यावर मला उत्तर सुचलं नाही.
बैठक नकाशात मी नंतर काढली, पट्टी न घेता.

राहिली दांडी. किती उंचीवर?
अनीसनं टेप उघडला, ह्यांनी कोपर मोजायला दिलं.
आणि मला बादलीवरची ती टाइल दिसली.
दर रविवारी ब्रशनं घासते मी ती,
साबणाचा थर म्हणून.
थर नव्हता. पंजा होता.
चार बोटं वेगळी कळत होती, अंगठा जरा पुसट.
दोन वर्षं हा माणूस भिंत धरून उभा होता
आणि बाहेर येऊन म्हणायचा,
आज पाणी छान तापलं होतं.

"इथे," मी म्हटलं.
अनीसनं फुली मारली. तेहतीस इंच.
मग वाकला, जरा खाली, नळाच्या बाजूला.
"और ये किसका है, भाभीजी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
नकाशा जवळ ओढला,
त्या फुलीच्या खाली अजून एक रेघ काढायला घेतली.
वेळ लागला.
खोडरबर माझ्या हातात होतं.
मी ते डब्यात टाकलं आणि चहा टाकायला गेले.