अडलं पाहिजे

पेटी मासळीची आहे, थर्माकोलची.
झाकण उघडलं की अजून सामन माशाचा वास येतो.
झाकणात होग्नीनं खिडकी कापली, काच बसवली.
काच एका फोटोच्या चौकटीतली.
फोटो त्याच्या पहिल्या बायकोचा;
तो त्यानं जपून वहीत ठेवलाय,
मी पाहिलंय.

खाली पाण्याचा ट्रे, त्यात मत्स्यालयाचा हीटर,
एकवीस अंशांवर. घरात सतरा.
वर वाळू. समुद्राची नाही, तिच्यात मीठ;
ओढ्याची, तीनदा धुऊन
माझ्या पिठाच्या चाळणीतून चाळलेली.
चाळणी आता परत मागण्यात अर्थ नाही.

पंप भंगारातल्या व्होल्वोचा.
वायपरचा रिलेही तिचाच,
बुरबुर पावसात थांबत थांबत
काचेवरून हात फिरवायला लावणारा.
त्याला चार सेकंदांवर धीर नव्हता.
होग्नीनं जाडजूड कपॅसिटर डकवला,
तेव्हा कुठे तो शहाण्यासारखा मोजू लागला:
सहा सेकंद धुकं, दहा मिनिटं विसावा.
प्रत्येक फवाऱ्याला काउंटरवर एक आकडा पुढे.

काड्या जुनिपरच्या, एकोणीस.
दोर बांधून कड्याखाली उतरला होता,
जिथे मेंढीचं तोंड पोचत नाही
तिथे तेवढं एक झुडूप उरलंय.
प्रत्येक काडी टाचेसकट ओरबाडलेली.
फॅरोत वारा झाडाला उभं राहू देत नाही,
हे काही मला नवीन नाही.
मी सपाट डेन्मार्कची. सातवा हिवाळा.

"तुला काही करावं लागू नये म्हणून हे सगळं,"
ट्रॉलरवर जाताना म्हणाला. पाच आठवडे.
मला ऐकू आलं ते वेगळं:
तुझ्यावर सोपवायचं नाही म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात वादळ आलं.
रात्री अकराला वीज गेली,
पत्रा रात्रभर कण्हत होता,
आणि पेटी गप्प.
मी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेतली,
गॅसवर पाणी तापवून रबरी पिशव्या भरल्या,
पेटीच्या दोन्ही कुशींना लावल्या,
आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसले.
सहा सेकंद. दहा मिनिटं. सहा सेकंद.
पहाटे कधीतरी
मी त्या काड्यांशी बोलत होते,
तेही माझ्या आईच्या बोलीत,
जी या घरात कुणाला कळत नाही.
सकाळी आठला दिवा लागला.
पिशव्या वाळत घातल्या. कुणाला सांगायचंय?

तो आला. बूट न काढताच पेटीपाशी.
"चोख चाललीय!" म्हणाला.
मी म्हटलं, हो, चोख.
मग वाकून काउंटर वाचला.
आकडा हवा त्याच्या निम्म्याहून कमी,
शून्यापासून पुन्हा सुरू झालेला.
बोटांवर काहीतरी मोजलं.
खिडकीतून विजेच्या तारांकडे पाहिलं,
मग इस्त्रीच्या बाटलीकडे, जी मी
जागेवर ठेवायची विसरले होते.

बोलला काहीच नाही.
कॉफी केली, माझीही.

आणखी दोन महिन्यांनी, एका रविवारी,
झाकण उघडून बाजूला सरकला.
"तू बघ आधी. हलकेच ओढायची.
सुटून आली तर काडीच.
अडलं पाहिजे."

चिमटीत धरली. ओढली.
एकोणिसातली ती सातवी.
वाळूखालून कुणीतरी
माझं बोट धरल्यासारखं
अडलं.