तीन यंत्रं

नरसय्या चिलवेरी, चाळीस वर्षं जॉबर,
मागाचा आवाज ऐकून दोष सांगायचे.
आता स्टुलावर तीन यंत्रं मांडलीत :
ओवा भरायचा, वाळला अडुळसा,
जाळायचं नाही, नुसतं तापवून ओढायचं.

पहिलं पोरानं पुण्याहून धाडलेलं.
मिनिटात तापतं,
तिसऱ्या झुरक्याला ओवा करपतो, घशात सुई.
दुसरं जड, अडकित्त्यासारखं.
चहा होईतो तापत नाही,
पण ओढ मऊ,
तेल दिलेल्या धोट्यासारखी सरळ छातीत.
तिसऱ्याची बॅटरी अर्ध्यात मान टाकते.
"भंगारातला माग," म्हणाले, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

पोशव्वा उंबऱ्याशी. मांडीवर सूप नाही आता,
डॉक्टरनं तंबाखू बंद केली,
तरी बोटं हवेत पान वळतात.
तिनं दुसरं घेतलं. डोळे मिटून ओढलं.
विडी घरकुलातली दुपार, बाहेर बेचाळीस.

"चव हाय," म्हणाली,
"पण हाताला काम नाय ह्यात."

ते हसले, हसता हसता खोकले.
मग अडुळशाची पानं तिच्यापुढं सरकवली,
चुरायला.

"लई बारीक नको."

"मला सांगता?"